मामांची १८० रुपयांची बॅटरी: एका घरगुती बदलाची पूर्ण नोंद

पार्श्वभूमी

जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर माझे मामा राहतात. गावाचं आणि त्यांचं नाव देत नाही, त्याने गोष्टीत काही फरक पडत नाही. अडीच एकर ऊस, थोडी तरकारी, दोन म्हशी. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते: आठवड्यातले काही दिवस दिवसा, बाकीचे रात्री. रात्रपाळी लागली की मामा जेवून जरा पडतात, लाईट आली की मोटर चालू करतात आणि फावडं खांद्यावर टाकून दारं धरायला जातात. एका वाफ्याचं पाणी भरलं की ते मोडायचं, पुढच्याला लावायचं. हे पहाटेपर्यंत.

या भागात रात्री शेतात जाणं म्हणजे दोन गोष्टींचं भान ठेवणं. एक पायाखाली: घोणस, नाग, मण्यार. दुसरी उसाच्या कडेला: बिबट्या. उसातच बिबट्यांची वीण होते, बछडी तिथेच वाढतात, आणि माणिकडोहचं बिबट निवारा केंद्रही याच तालुक्यात आहे. वन विभागाची माणसं येऊन सांगतात की एकटे जाऊ नका, मोबाइलवर गाणी लावा, हातात बॅटरी ठेवा. मामा गाणी लावत नाहीत, भजन म्हणतात. बॅटरी मात्र कधी विसरत नाहीत.

इथे शब्दांचा खुलासा करून ठेवतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. मामांच्या बोलण्यात ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च, आणि तिच्या पोटात जो असतो तो ‘सेल’. शाळेच्या पुस्तकात तिला विजेरी म्हणायचे, पण विजेरी घेऊन शेतात गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. या नोंदीत मीही मामांसारखंच लिहितो.

बॅटरी साधी होती. पिवळ्या-काळ्या प्लास्टिकची, आठवडी बाजारात १८० रुपयांना घेतलेली. पुढे पाच सेंटीमीटर व्यासाचा रिफ्लेक्टर आणि त्यात एक वॅटचा एक एलईडी. अंगठ्याजवळ सरकतं बटण: बंद, कमी, जास्त. मागच्या बाजूला दोन पिना बाहेर काढायच्या आणि थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायच्या. वस्तीवरच्या निम्म्या घरांत असलीच बॅटरी आहे.

मी पुण्यात नोकरी करतो. रविवारी डाख देण्याची गन तापवून काहीतरी उघडून बसणं हा माझा नाद. हे मामांना ठाऊक, म्हणून दिवाळीनंतर त्यांचा फोन आला.

“तुझ्या त्या खटपटीचा काही उपयोग आहे का बघ. बॅटरी पंधरा मिनिटांत बसती. जास्त वेळ चालली पाहिजे, जरा लांब दिसलं पाहिजे, आणि गळ्यात अडकवायला काहीतरी कर. फावडं धरू का बॅटरी धरू?”

मी वहीत दोन ओळी लिहिल्या: ‘वेळ वाढवणे’ आणि ‘झोत लांब’. तिसरी मागणी मला मागणी वाटलीच नाही.

अडचण काय होती

चार स्क्रू. दोन दिसणारे, दोन स्टिकरखाली लपलेले. उघडायच्या आधी सवयीने पिनांना मल्टिमीटर लावला. सॉकेटमधून काढून मिनिटभर झाला होता तरी आकडा शंभर व्होल्टच्या वर, आणि हळूहळू उतरत चाललेला. तेव्हा मामींचं म्हणणं आठवलं: “त्या बॅटरीच्या पिना धरल्या की झिणझिण्या येतात.” सगळे हसायचे. मीही हसलो होतो.

आत ट्रान्सफॉर्मर नाही. या किमतीच्या बॅटरीत तो नसतोच. भिंतीतली २३० व्होल्टची लाईट एका कॅपॅसिटरमधून (त्यावर १०५जे ४००व्ही छापलेलं, म्हणजे एक मायक्रोफॅरड) चार डायोडच्या पुलाकडे (उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेला वळवणारी जोडणी) जाते आणि तिथून सरळ सेलवर. कॅपॅसिटर इथे नळाच्या चावीसारखं काम करतो, ५० हर्ट्झला साधारण ७० मिलिअँपिअरच सोडतो. युक्ती स्वस्त आणि हुशार आहे. पण तिच्यात आडपडदा काहीच नाही. बॅटरी सॉकेटमध्ये असताना आतल्या कुठल्याही तारेला हात लागला तर तो घरच्या लाईटलाच लागल्यासारखा. प्लग काढल्यावर कॅपॅसिटर रिकामा व्हावा म्हणून त्याला आडवा एक मोठ्या किमतीचा रेझिस्टन्स लावलेला असतो. इथे तो होता, पण त्याचा एक पाय डाखेत बसलाच नव्हता. भोकात नुसता उभा. मामींच्या झिणझिण्या त्या एका सुट्या पायाच्या होत्या.

सेल चार व्होल्टचा लेड-ॲसिड, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ठोकळा, ५०० मिलिअँपिअर-तासाचा. मोजला तर ३.१ व्होल्ट. दोन कप्पे, म्हणजे कप्प्यामागे दीड. लेड-ॲसिड असा रिकामा पडून राहिला की त्याच्या पाट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग तो चार्ज घेतल्याचं नुसतं नाटक करतो. दोन तासांत व्होल्ट भराभर चढले, एलईडी लावताच तितक्याच वेगाने खाली आले.

मामांच्या घरातला या बॅटरीचा दिनक्रम बघितला तर सेल मरणारच होता. रात्रपाळीच्या आठवड्यात ती पार मिणमिणती होईपर्यंत वापरायची. खाली थांबवणारं सर्किट आत नाहीच. दिवसपाळीच्या आठवड्यात ती देवघराच्या शेजारच्या सॉकेटला लटकलेली, चोवीस तास, कारण लाल दिवा लागला की ‘चार्ज होतीय’. वर थांबवणारंही काही नाही. एकदा उपाशी मारायचं, एकदा खाऊ घालून.

कुठले पर्याय समोर होते

सगळ्यात सरळ पर्याय म्हणजे तसलाच नवा लेड-ॲसिड सेल. शंभराच्या आसपास मिळतो, दोन तारा जोडल्या की काम झालं. व्यवहाराने बघितलं तर हेच बरोबर होतं. पण आठ महिन्यांनी तोच फोन पुन्हा आला असता. आणि खरं सांगायचं तर त्यात मला मजा नव्हती. छंदाच्या कामात हे कबूल केलेलं बरं: कित्येक निर्णय गरजेने होत नाहीत, हात शिवशिवतात म्हणून होतात.

दुसरा पर्याय, पेन्सिल सेलच्या आकाराचे तीन निकेल-मेटल हायड्राइड. बेरीज ३.६ व्होल्ट, स्वभाव शांत. पण ते काढून वेगळ्या चार्जरमध्ये घालावे लागतात, आणि मामांच्या घरात असा चार्जर पंधरा दिवसांत हरवला असता.

तिसरा, लिथियम आयन, १८६५० आकाराचा: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. एकाच सेलमध्ये लेड-ॲसिडच्या पाचपट साठा, पडून राहिला तरी फारसा उतरत नाही. याच्यावर मन बसलं. आता प्रश्न होता, सेल आणायचा कुठून.

माझ्याकडे मेलेल्या लॅपटॉपचा सहा सेलचा पॅक होता. फोडला. चार सेल ३.७ च्या आसपास, दोन सव्वा व्होल्टवर. इतका खाली गेलेला लिथियम सेल परत उठवण्याचे प्रयोग लोक करतात. मी करत नाही. ते दोन बाजूला. उरलेल्यांतला एक ४.२ व्होल्टपर्यंत भरला, दहा ओमचा रेझिस्टन्स लावला आणि ३ व्होल्टला येईपर्यंत घड्याळ लावून बसलो. पावणेपाच तासांपेक्षा थोडं जास्त. म्हणजे साधारण १७०० मिलिअँपिअर-तास. फुकटच्या मानाने झकास.

मग एका ऑनलाइन दुकानातून दोन ‘नवे’ सेल मागवले. वर ठसठशीत ९९०० छापलेलं. या आकाराच्या सेलमध्ये ३५०० च्या पुढे फारसं काही बसत नाही, तेव्हा ९९०० वाचूनच शंका यायला हवी होती. स्वयंपाकघरातला केकचा वजनकाटा घेतला. लॅपटॉपचा सेल ४५ ग्रॅम. नवा ३१. आत काय कमी आहे ते काट्याने सांगितलं. मागे देण्याच्या भानगडीत पडलो नाही.

शेवटी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन, काटा खिशात घेऊन, एक २६०० चा सेल घेतला. ४६ ग्रॅम, दोन्ही टोकांना निकेलच्या पट्ट्या दुकानातूनच स्पॉट-वेल्ड केलेल्या. दुकानदार काट्याकडे बघून म्हणाला, “सोनं घेताय का साहेब?” पट्ट्या का, तर या सेलला थेट डाख द्यायचा नसतो. उष्णता आतल्या पडद्यापर्यंत जाते.

निर्णयाची पहिली जागा: फुकटचा की विकतचा

लॅपटॉपचा सेल चालला असता. माझ्या स्वतःच्या बॅटरीत मी तसलाच वापरतो. पण माझी बॅटरी माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर चार्ज होते. मामांची देवघराशेजारी होणार, जिथे रात्री समई असते आणि खाली मामींचं अंथरूण. सात-आठ वर्षं कुठल्या तरी लॅपटॉपमध्ये भाजलेला, कुणी कसा वापरला ते ठाऊक नसलेला सेल तिथे ठेवायचा नाही, हे ठरायला वेळ लागला नाही. दोनशे चाळीस रुपये गेले.

निर्णयाची दुसरी जागा: जुनं चार्जिंग ठेवायचं का

इथे मात्र मी दोन दिवस घुटमळलो. मोह असा होता: जुनं कॅपॅसिटरचं सर्किट तसंच ठेवावं आणि लेड-ॲसिडच्या जागी फक्त लिथियम बसवावा. असे व्हिडिओही पुष्कळ फिरतात. हिशोब मांडला तर घातक वाटत नाही. ७० मिलिअँपिअरने २६०० चा सेल भरायला दीड दिवस लागणार, तोवर कुणीतरी काढेलच. मामांची सवय तशीच राहते, काही शिकवावं लागत नाही.

पण त्यांच्या घरी ती आठवडाभर काढली जात नाही. दीड दिवसानंतरही ७० मिलिअँपिअर आत घुसतच राहणार, आणि लिथियम सेल ४.२ च्या वर लेड-ॲसिडसारखा नुसता बुडबुडे काढत बसत नाही. तो फुगतो, तापतो, पेटतो. मग मी मनाशी म्हटलं, संरक्षणाचा छोटा बोर्ड मध्ये घालू. ४.३ व्होल्टला तो सेल सर्किटपासून तोडेल. कागदावर काढून बघितल्यावर खरी गोम कळली. बोर्डाने सेल तोडला की कॅपॅसिटरच्या सर्किटला ओढणारं कुणी उरत नाही. ओढणारं नसेल तर तिथला दाब चार व्होल्टवर थांबत नाही, तो चढत चढत घरच्या लाईटच्या शिखरापर्यंत, तीनशेच्या पुढे जातो. आणि संरक्षणाच्या बोर्डावरचे मॉस्फेट, म्हणजे सेल जोडणारे-तोडणारे बारीक स्विच, असतात वीस व्होल्टचे. म्हणजे पहारेकऱ्याने दार लावलं की पहिला मरणार तोच, आणि बहुधा दार उघडं टाकून.

तेव्हा ठरलं: घरच्या लाईटचा आणि या बॅटरीचा संबंध तोडायचा. पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर, मध्ये टीपी४०५६ चा, म्हणजे लिथियम सेल चार्ज करणाऱ्या चिपचा, संरक्षणासहित बोर्ड. किंमत पंचवीस रुपये. तो ४.२ ला स्वतः थांबतो, आणि खाली अडीच व्होल्टच्या आसपास सेल तोडतो.

काय केलं

दोन रविवार लागले.

पहिल्या रविवारी चार्जिंग. टीपी४०५६ चा बोर्ड कारखान्यातून एक अँपिअरवर लावलेला येतो. तो जास्तीचे व्होल्ट नुसते तापून घालवतो, सेल ३.२ वर असताना एक अँपिअरला जवळजवळ दोन वॅट उष्णता, तीही बंद प्लास्टिकच्या डबीत. म्हणून त्यावरचा १.२ किलोओमचा रेझिस्टन्स काढून २.४ चा लावायचा, की अर्धा अँपिअर होतो. सेल भरायला सहा तास लागतात, लागू देत. तो रेझिस्टन्स तिळाएवढा. चिमट्यातून सुटला आणि फरशीवर कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही. बदलीचा तिळाएवढा नव्हताच, म्हणून साधा पाव वॅटचा, पायांचा, टोळासारखा उभा करून चिकटवला. दिसायला गावठी, चालायला चोख.

दुसऱ्या रविवारी प्रकाश. जुना एलईडी निळसर पांढरा होता. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. लेप पातळ असेल तर निळी झाक उरते. मी दोन आणले: एक ६५०० केल्विनचा थंड, एक ४००० चा जरा उबदार. दोन्ही तीन वॅटचे, ॲल्युमिनियमच्या चांदणीवर बसवलेले. कागदावर थंड एलईडीचा उजेड जास्त. माझं मत त्याच्या बाजूने होतं. पण योगायोगाने त्या आठवड्यात मामा दवाखान्याच्या कामासाठी पुण्यात आले, आणि रात्री सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर दोन्ही उघडेच तारांवर लावून दाखवले. आधी पांढरा. मामा म्हणाले, “झ्याक आहे.” मग पिवळसर. ते दोन पावलं पुढे गेले, खाली वाकले. “याच्यात माती दिसती. त्याच्यात सगळं चुन्यावाणी.” घोणस मातीच्याच रंगाची असते. ४००० चा लागला.

प्रवाहासाठी एएमसी७१३५ च्या दोन चिप. एक चिप ३५० मिलिअँपिअर धरून ठेवते, सेल भरलेला असो की अर्धा. जुन्या सरकत्या बटणाला त्या अशा जोडल्या की ‘कमी’वर एक चालते, ‘जास्त’वर दोन्ही. जुन्या सर्किटमध्ये नुसता रेझिस्टन्स होता, त्यामुळे सेल उतरेल तसा उजेड पहिल्या मिनिटापासून उतरत जायचा.

एलईडीची उष्णता कुठे न्यायची हा प्रश्न मी आधी हलक्यात घेतला होता. जुना एलईडी प्लास्टिकलाच चिकटवलेला. एका वॅटला ते खपतं, दोनाला नाही. आईने टाकायला काढलेलं ॲल्युमिनियमचं झाकण होतं, त्यातून कातरीने चकती कापली, कानशीने घासून रिफ्लेक्टरच्या मागे बसवली, मध्ये थर्मल पेस्ट. हाव म्हणून तिसरी चिपही लावून पाहिली. पाच मिनिटांत चकतीला बोट लावता येईना आणि रिफ्लेक्टरची प्लास्टिकची मान मऊ लागायला लागली. उजेड दीडपट झाला होता, पण डोळ्याला तो जेमतेम उमगत होता. तिसरी चिप काढली. दोन चिपांवर दहा मिनिटांनी बोट चार-पाच सेकंद ठेवता येत होतं. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

राहिला झोत. पाच सेंटीमीटरच्या रिफ्लेक्टरमध्ये लहान एलईडी ठेवला की मध्ये घट्ट गोळा मिळतो: लांबवर पोचतो, पण पायाजवळ अंधार. बिबट्यासाठी लांब हवं, सापासाठी जवळ. बाजारातल्या महागड्या बॅटरीत यासाठी दोन वेगळे दिवे असतात. मी पुढच्या पारदर्शक काचेच्या (प्लास्टिकच्याच) खालच्या एक-तृतीयांश भागावर दुधी चिकटपट्टी लावून बघितली. गोळा थोडा मंदावला आणि पायापुढे मऊ उजेडाचा पट्टा आला. मग पट्टी काढून तोच भाग चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासला. आधी पट्टी, मग पेपर हा क्रम महत्त्वाचा. घासलेलं परत येत नाही.

काय फसलं

बॅटरी एसटीने गेली. चार दिवस झाले, काही फोन नाही; मी समजलो सगळं ठीक. पाचव्या दिवशी मीच केला.

“ती होय? ती दोन दिवस चालली. आता बंद आहे. मोबाइलच्या उजेडात जातोय.”

पोटात गोळा आला. बंद कशी? चार्जच होत नाही म्हणे. मामी फोनवर आल्या. “अरे, मी रोज रात्री लावते ना पिनेला. लाल दिवाच लागत नाही.”

पिना मी काढल्या नव्हत्या. आतल्या तारा तोडल्या होत्या, जुनं सर्किट काढून टाकलं होतं, पण दोन पिना आणि त्यांचं सरकतं झाकण बाहेरून तसंच ठेवलं होतं, कारण मागची बाजू त्याने नीट बंद व्हायची. नवं टाइप-सीचं भोक मी बाजूला केलं होतं आणि फोनवर मामांना समजावलं होतं. मामांना. पण चार्जिंगला लावायचं काम त्या घरात मामींचं, आणि मामींना पिना दिसत होत्या. पिना दिसल्या की त्या भिंतीत घालायच्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

धोका नव्हता, कारण पिना आत कुठेच जोडलेल्या नव्हत्या. पण तीन रात्री एक माणूस उसाच्या कडेने मोबाइलच्या उजेडात फिरला. मल्टिमीटरवर सगळं बरोबर असलेली वस्तू त्या घरात मात्र फसली होती.

तशात दुसरा घोळ. मामेभावाने त्याच्या नव्या फोनच्या चार्जरने, दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरने, चार्ज करून पाहिलं. तेही नाही. स्वस्त टाइप-सी बोर्डांवर ५.१ किलोओमचे दोन रेझिस्टन्स गाळलेले असतात. ते नसले की असा चार्जर समोर काही जोडलंय हेच ओळखत नाही आणि पाच व्होल्ट सोडत नाही. जुन्या चौकोनी तोंडाच्या वायरीने होतं. मी टेबलावर त्याच वायरीने तपासलं होतं.

दुरुस्ती

शनिवारी रात्रीच्या गाडीने गेलो. पिना कापल्या, भोकांत एम-सील भरलं. चार्जिंगचा दिवा नेमका जुन्या लाल खिडकीच्या मागे आणून बसवला, म्हणजे जिथे मामींची नजर जाते तिथेच लाल दिसेल आणि भरल्यावर निळा. चौकोनी तोंडाची वायर आणि एक साधा चार्जर देवघराशेजारी खिळ्याला सुतळीने बांधून टाकला. मग बॅटरी मामांच्या नव्हे, मामींच्या हातात दिली आणि गप्प बसलो. त्यांनी उलटून पालटून पाहिली, पिना शोधल्या, वायर बघितली, लावली. लाल लागला. “मग हे आधीच सांगायचं की,” म्हणाल्या.

निकाल

‘कमी’वर भरलेला सेल माझ्या टेबलावर सहा तास चाळीस मिनिटं टिकला, मग हळूहळू मंद होत गेला. अचानक अंधार होत नाही, हे मामांना आवडलं. मंद व्हायला लागली की घराकडे वळायचं. दोन्ही चिपांवर सव्वातीन तास. रात्रभर ती सतत लागत नसल्यामुळे एका चार्जमध्ये दोन रात्री निघतात. लांबीचं माप मामांनी त्यांच्या पद्धतीने घेतलं: विहिरीवर उभं राहिलं की पूर्वी दुसरा लाईटचा खांब दिसायचा, आता तिसऱ्यावरचा आकडासुद्धा.

पावसाळ्यात ती एकदा पाटात पडली. बाहेर काढून मामांनी झटकली, वापरली, आणि चारच दिवसांनी चार्जिंगच्या तोंडात हिरवा गंज. दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि स्पिरिटने साफ केलं, आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा झाकणासारखा चिकटवला. तो दोनदा निघाला, दोनदा लावला. ही बॅटरी पाण्यात टिकणारी नाही आणि माझ्याकडून तशी होणारही नाही.

खर्च: सेल २४०, दोन एलईडी (एक वापरला) १८०, बोर्ड २५, चिपा ३०, पेस्ट आणि सटरफटर ४०. पाचशे पंधरा, बनावट सेलचे पैसे आणि एसटीचं भाडं न धरता. एवढ्या पैशांत बाजारात बरी तयार बॅटरी येते. ज्यांना केवळ उजेड हवा आहे त्यांनी हा उद्योग करू नये.

जुना लेड-ॲसिड सेल गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या दुकानात दिला. लॅपटॉपचे मेलेले दोन सेल टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्याच्या पेटीत. वस्तीवरून आणखी तिघांनी आपापल्या बॅटऱ्या आणून दिल्या. फक्त त्यांच्या कॅपॅसिटरच्या रेझिस्टन्सचे पाय तपासले, एकाचा सुटलेला होता, तो डाख देऊन परत केल्या. लिथियम बसवला नाही. मामींच्या हातात देऊन बघता आलं, तसं तीन अनोळखी घरांत बघता येणार नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

सेल बदलेन. लिथियम फेरो फॉस्फेटचा, ३२६५० आकाराचा, जो सौर कंदिलांत असतो. तो बराच सोशिक, चुका पोटात घालतो, आणि या बॅटरीच्या पोटात जागाही होती. त्या वेळी तो सोडला कारण त्याचा दाब ३.२ व्होल्टच, आणि माझा एलईडी पूर्ण प्रवाहाला तीनच्या आसपास मागतो; चिपेला खेळायला जागा उरत नाही. शिवाय टीपी४०५६ त्याला चालत नाही, ३.६ ला थांबणारा वेगळा बोर्ड लागतो. आता वाटतं, ‘जास्त’वरचा उजेड थोडा कमी पत्करला असता तर मला रात्री झोप जास्त शांत लागली असती.

पिना पहिल्याच दिवशी कापेन. आणि दोन्ही तोंडांच्या वायरींनी तपासल्याशिवाय टाइप-सीचा बोर्ड बसवणार नाही.

तिसरी गोष्ट मला त्या रविवारी परत निघताना कळली. मामा ओट्यावर बसून बॅटरीच्या मागच्या टोकाला, जिथे मी एम-सील भरून अजून ओलं होतं तिथे, खिळ्याने आरपार भोक पाडत होते. मी ओरडलोच, आत सेल आहे म्हणून. ते म्हणाले, “कडेला पाडतोय, मला काय कळत नाही?” मग खिशातून पायजम्याची नाडी काढली, भोकातून ओवली, गाठ मारली आणि बॅटरी गळ्यात अडकवून दोन्ही हात मोकळे करून दाखवले.

“फोनवर पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुला.”